सवतीचा घास

मनकर्णाबाईंचं डोकं रोज दुखायचं. सण असो, सुतक असो, घरात लग्न असो, त्या दुखण्याने चार वर्षांत एक दिवस सुट्टी घेतली नाही. सकाळची भाकरी तव्यावरून उतरली की डाव्या कानशिलात कोणी बोट टेकवल्यासारखं व्हायचं. उन्हं अंगणात येईपर्यंत ते बोट आत रुतत जायचं, आणि दुपारी कपाशीच्या तासात वाकल्या की डोळ्यांपुढे अंधारी यायची. बाई कडक. अंधारी सरेपर्यंत तशाच वाकून उभ्या राहायच्या. बाकीच्या बायांना वाटायचं, तण शोधताहेत.

मोताळ्याच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून आत वळलं की त्यांचं गाव. नऊ एकर जमीन, एक विहीर, दोन म्हशी, नवरा पुंजाजी आणि मुलगा भागवत. हेवा वाटावा असं त्या घरात काही नव्हतं आणि कीव यावी असंही नव्हतं. मुलगा मनकर्णाबाईंच्या पोटचा नाही, एवढीच काय ती एक गोष्ट, आणि तीही त्या स्वतः सोडून सगळे विसरून गेले होते.

भागवतची आई रुक्मिणी. तो सव्वा वर्षाचा असताना ती दोन दिवसांच्या तापात गेली. वर्ष फिरायच्या आत पुंजाजींचं दुसरं लग्न झालं आणि एकोणीस वर्षांची मनकर्णा त्या घरात आली, ती सवतीला गळ्यात घालूनच. आमच्याकडे रीतच आहे तशी. मेलेल्या बायकोचा चांदीचा टाक करायचा, नखाएवढा पत्रा आणि त्यावर बाईची पुसट आकृती, आणि दुसरेपणावर आलेल्या बायकोने तो मंगळसूत्राशेजारी ओवून जन्मभर वागवायचा. नवं लुगडं आधी टाकाला टेकवायचं, मग नेसायचं. बांगड्या भरल्या तरी तसंच. मनकर्णाने हे सगळं निमूट केलं.

लग्नाला सहा महिने झाले असतील. भागवत तापाने फणफणला. पुंजाजी सायकल घेऊन डॉक्टर आणायला गेले आणि इकडे पोराचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. घरात दुसरं माणूस नाही. मनकर्णाने पोर मांडीवर घेतलं, गळ्यातला टाक मुठीत आवळला आणि म्हणाली, "रुक्मे, हे लेकरू मले राहू दे. त्याच्या बदल्यात काय घ्याचं ते माझ्या अंगातून घे." डॉक्टर येईपर्यंत पोराला घाम फुटला होता आणि ते पाणी मागत होतं.

हे तिने कोणाला सांगितलं नाही. पुढे तिला मूल झालं नाही, तेव्हा तिने मनाशी म्हटलं, घेतलं रुक्मिणीने. वाईट वाटलं, पण एका परीने जीव निर्धास्तही झाला. आता ती पुन्हा मागणार नाही.

पंचवीस-सव्वीस वर्षं बरी गेली. मग भागवतचं लग्न ठरलं आणि भावकीतल्या एका म्हाताऱ्याला उकळी फुटली. तो म्हणाला, "सून येऊन राह्यली. तिच्या सासूले घरात जागा द्या. किती दिवस गळ्यात लटकवता?" लग्नघरात असल्या माणसाचं तोंड कोण धरणार. नळगंगेच्या पात्रातून एक गोल दगड आणला, तेल-शेंदूर लावला आणि स्वयंपाकघराच्या कोनाड्यात रुक्मिणी म्हणून बसवला. रोजची रीतही त्यानेच सांगितली. सकाळी दगडाला बोटाने शेंदूर लावायचा, भाकरीचा पहिला घास त्याला टेकवायचा, आणि तो घास मनकर्णाबाईंनी खायचा. मोठीचं उष्टं धाकटीने.

बाईंनी टाकही गळ्यातून काढला नाही आणि घासही एक दिवस चुकवला नाही. आणि त्याच साली, दिवाळीच्या सुमाराला, डोकं दुखायला लागलं.

गावाने काय ओळखायचं ते ओळखलंच. पण पुंजाजी दवाखान्यावर विश्वास असलेला माणूस. आधी चष्मा झाला. मग बीपी मोजलं, ते बरोबर निघालं. मग पित्त म्हणून एकाने गोळ्या दिल्या, सर्दी साचली म्हणून दुसऱ्याने वाफारे सांगितले. शेवटी बुलढाण्याला नेऊन डोक्याचा फोटो काढला. फोटो इतका स्वच्छ, की डॉक्टर म्हणाले, "यात काहीच नाही." पुंजाजी बाहेर येऊन बायकोला म्हणाले, "मी तं तीस वर्सांपासून हेच सांगून राह्यलो." त्या दिवशी दोघंही हसले. घरी पोचेस्तोवर कानशील पुन्हा ठणकत होतं.

एका डॉक्टरने विचारलं, "कसलं टेन्शन आहे का?" बाईंचा हात आपसूक गळ्याकडे गेला. "नाही जी," त्या म्हणाल्या.

सैलानीच्या दर्ग्याला नारळ झाला. विहिरीवरच्या आसरांना खणनारळ झाला. मग कोणीतरी उंद्रीकडच्या एका जाणत्याचं नाव सांगितलं. त्याने लिंबू फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाला, "तुमच्या डोक्यावर एक बाई बसून आहे. तुम्ही तिले काही बोलल्या होत्या काय?" पुंजाजी मान हलवत होते, याला काय माहीत म्हणून. मनकर्णाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. दुसरेपणावरच्या बाईचा टाक गळ्यात दिसत असताना हे सांगायला काही सिद्धी लागत नाही, हे मला कळतं, तुम्हाला कळतं. त्यांना त्या वेळी कळलं नाही. जाणता म्हणाला, घास चुकवू नका आणि शेंदूर सढळ हाताने लावा. त्या सढळ हाताने लावू लागल्या. दगड जाड झाला, घास लाल होऊ लागला, आणि दुखणं डाव्या कानशिलातून उजव्याकडेही गेलं. पोट जड राहू लागलं, तोंडाची चव गेली.

खरं सांगायचं तर त्या दिवसापासून बाईंनी बरं व्हायचं मनातून सोडून दिलं. पुंजाजी नेतील तिथे जायच्या, देतील ती गोळी घ्यायच्या. पण आत एक गोष्ट पक्की बसली होती. न झालेलं मूल रुक्मिणीने हिशेबात धरलंच नाही, हे दुखणं म्हणजे तिचं खरं मागणं आहे. ते आपल्या डोक्यात आहे तोवर भागवतच्या वाट्याला जाणार नाही. सकाळी डोकं ठणकायला लागलं की त्या आधी भागवतकडे बघायच्या. तो मोटरसायकल पुसत असायचा, शीळ घालत असायचा. मग त्या कपाळाला फडकं बांधायच्या आणि कामाला लागायच्या.

लग्नाला चार वर्षं झाली तरी सून पुष्पांजलीला दिवस गेले नव्हते. गेल्या उन्हाळ्यात राहिले. घर आनंदलं, आणि बाईंची भीती दुप्पट झाली. आता मागायला आणखी एक जीव आला होता.

त्याच उन्हाळ्यात एक नवीन गोष्ट सुरू झाली. काही सकाळी डोकं इतकं दुखायचं की तोंडात घास धरवायचा नाही, उलटी यायची. अशा दिवशी त्या घास दगडापुढे ठेवायच्या आणि खाटेवर जाऊन पडायच्या. तासाभराने उठून बघावं तर घास नसायचा. मांजर म्हणावं तर चुरा सांडलेला नाही. कावळा म्हणावं तर कोनाडा घराच्या आत. जागा पुसून घेतल्यासारखी स्वच्छ. पहिल्यांदा हे झालं तेव्हा बाई चुलीपाशी उभ्याच्या उभ्या राहिल्या. रुक्मिणी आता आपल्या हाताने खात होती. त्यांनी हेही कोणाला सांगितलं नाही.

पंचफुला मात्र असल्या गोष्टी पोटात ठेवणारी बाई नव्हे. बौद्धवाड्यातली पंचफुला आणि मनकर्णाबाई वीस वर्षं एका ओळीत निंदण करत आलेल्या. तिच्या घरात बुद्धाची मूर्ती सोडली तर देव नाही, दगड नाही. तिचा मुलगा अश्वजित तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत कामाला होता. भादव्यात एका दुपारी मनकर्णाबाई कपाशीत वाकल्या त्या उठल्याच नाहीत, तिथेच बसल्या. पंचफुलाने त्यांचा हात धरला.

"उद्या सकाळच्या गाडीनं माझ्या पोराकडं चाल," ती म्हणाली.

"अवं, सारं करून झालं."

"माझ्या पोरानं नाही ना पाह्यलं. चाल मुकाट्यानं."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने दोघी निघाल्या. भाकरी झाली नव्हती. आज दगडाला घास टेकणारही नाही, चार वर्षांत पहिल्यांदा, या विचाराने बाईंना सगळी वाट धड बसवलं नाही.

अश्वजितने रक्त घेतलं आणि बराच वेळ आतून बाहेर आलाच नाही. आला तो खुर्ची ओढून समोर बसला.

"मावशी, आ करा जरा." त्याने टॉर्च धरला. "मिसरी लावता काय?"

"सोडली. भागवतच्या लग्नापासून."

"मग हिरड्यांले ही काळी रेघ काऊन आहे?"

"राह्यला असन डाग."

"मिसरीचा डाग चार वर्सं नाही राहत," तो म्हणाला आणि डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेला.

आतापर्यंत डझनभर डॉक्टरांनी त्या हिरड्या बघितल्या होत्या. गावाकडची बाई, हिरड्या काळ्या, म्हणजे मिसरी. पुढे विचारतो कोण. अश्वजितची आजी मिसरी लावायची, त्याला तो काळेपणा कसा असतो ते घरातच माहीत होतं. हा तसा नव्हता. दातांच्या कडेकडेने निळसर रेघ होती, आणि सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या लाल पेशींवर बारीक ठिपके दिसत होते. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पाहिलं आणि प्रश्न सुरू केले. रंगाचं काम करता का? घरात जुन्या बॅटऱ्या फोडता का? वैदूचं भस्म घेता का? सगळ्याला नाही. रोज काय काय खाता?

"भाकर," बाई म्हणाल्या. "पिठलं. वांगं. ठेचा. दोन येळा चहा."

"अन रुक्मिणीचा घास?" पंचफुला म्हणाली.

"तो काय खाणं आहे काय?"

"मग तोंडात घालून काय करते तू त्याचं?"

मग पंचफुलानेच सांगितलं. दगड, शेंदूर, पहिला घास, चार वर्षं. डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "या शेंदरात शिसं असतं, बाई. ते रोज पोटात गेलं आहे. रक्त बाहेर तपासायला पाठवते, पण मला तरी शंका नाही. तो घास आजपासून बंद."

आता गंमत बघा. शेंदूर पोटात गेला तर गाणाऱ्याचा गळा कायमचा बसतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या धाकाने शेंदराची पुडी लेकरांपासून लांब ठेवतात. मनकर्णाबाईही ती फळीवर, डब्याच्या मागे ठेवायच्या. पण पुडीतला शेंदूर वेगळा आणि दगडाला लावलेला वेगळा. दगडाला लागला की तो देवाचा झाला, आणि देवाचं कोणाला बाधत नाही. चार वर्षांत घरातल्या एकालाही वाटलं नाही की हा तोच शेंदूर. मला तरी वाटलं असतं का, सांगता येत नाही.

"म्हणजे ती मागत नव्हती," मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या.

"कोण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. बाईंनी टाक पदराआड केला. डॉक्टरीणबाईंनी पुढे विचारलं, "घरात हा घास आणखी कोणी खातं का?"

"नाही. तो मान माझा एकटीचा."

परतीच्या गाडीत पंचफुला खूश होती. रोग सापडला, औषध सापडलं, पोराने नाव काढलं. मनकर्णाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांच्या मनात वेगळंच चाललं होतं. डोकं शेंदराने दुखत होतं, तर मग रुक्मिणीने काय घेतलं? काहीच नाही. तीस वर्षांपूर्वी टाक मुठीत धरून आपण जे बोललो ते तसंच पडून आहे. चार वर्षं आपण समजत होतो की ती रोज थोडं थोडं नेते आहे. तिने अजून हातच लावलेला नाही.

घरी आल्या तेव्हा पुष्पांजली ओट्यावर तांदूळ निवडत होती. सहावा महिना, पाय पसरून बसलेली.

"काय म्हणाले डॉक्टर?" तिने विचारलं, आणि सासूचा चेहरा बघून लगेच म्हणाली, "घासाचं टेन्शन घेऊ नका, आई. तुम्ही नव्हत्या तं मीच भाकर टेकवून खाऊन घेतला."

मनकर्णाबाई दारातच थांबल्या.

"तू खाल्ला?"

"मग काय. तुमचं डोकं लय दुखते त्या दिवशी मीच खाते. तुम्ही ठेवून देता अन झोपता. तसाच राह्यला तं बरं नाही ना. तुम्हाले सांगतलं असतं तं तुम्ही बिमार असून उठल्या असत्या."

"कवापासून?"

"उन्हाळ्यापासूनच. आठवड्यात दोन-तीन येळा."

बाई खाली बसल्या. त्यांनी सुनेचा हात हातात घेतला. अंगठ्याजवळच्या बोटाच्या नखात लाल कड होती. "पोरी," त्या म्हणाल्या, "तुझं डोक्सं दुखते काय?"

पुष्पांजली हसली. "थोडंसं. या दिवसांत दुखतेच म्हणतात."

त्या दिवशी संध्याकाळी भागवत शेतातून आला तेव्हा त्याची माय कोनाड्यापुढे बसली होती. तिने त्याला समोर बसवलं आणि तीस वर्षांत कोणाला न सांगितलेलं सगळं सांगितलं. ताप, टाक, काय बोलली ते, घास आपोआप नाहीसा व्हायचा ते. पुंजाजी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होते. बायको आपल्यापाशी एवढं मोठं लपवून जगली याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की ते तोंड फिरवून गोठ्याकडे निघून गेले.

भागवतने कोनाड्यातल्या दगडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "माय, लेकराच्या बदल्यात कोणाचं डोक्सं मागन अशी कोणती आई असते? मले जलम देणारी तशी असूच शकत नाही."

"तुले तिचा चेहरा तरी आठवते काय?"

"नाही."

"मग कसं सांगतं तू? मले आठवते. रोज आठवते. मी तिले कधी पाह्यलं नाही तरी."

दगड जुन्या लुगड्यात गुंडाळून भागवतने मोटरसायकलवर घेतला आणि मनकर्णाबाई मागे बसल्या. उजेड होता तोवर दोघं नळगंगेवर पोचले. भागवत गुडघाभर पाण्यात गेला आणि खोल जागा बघून दगड लुगड्यासकट सोडला. बाईंनी हात जोडले. बोलायचं खूप होतं. पण पुन्हा काही बोलून ठेवायची त्यांची छाती झाली नाही. जिभेवर आलेलं त्यांनी गिळलं आणि चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी पुष्पांजलीचंही रक्त तपासायला दिलं. आठ-दहा दिवसांनी कागद आले. मनकर्णाबाईंच्या रक्तात शिसं ढीगभर. पुष्पांजलीच्या रक्तात थोडं. फार नाही, पण असू नये तेवढं. शेवटच्या महिन्यापर्यंत तिला दर पंधरवड्याला तालुक्याला न्यावं लागलं. मार्गशीर्षात मुलगी झाली, अडीच किलोला थोडी कमी. रडली जोरात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान आहे, फक्त दोन-तीन वर्षं बघत राहू, बोलते कधी, चालते कधी. या "बघत राहू"नंतर बाई बघतच राहिल्या.

त्यांचं स्वतःचं डोकं औषधांनी उतरत गेलं. बाळ यायच्या आधीच, दिवाळीत, एक दिवस दुपार झाली तरी कानशिलात काही नव्हतं. मग दोन दिवस. मग आठवडा. हिरड्यांची रेघ पुसट झाली, भाकरीला चव आली. पुंजाजी ज्याला त्याला सांगत सुटले. पंचफुलाने अश्वजितला घरी जेवायला आणला, बाईंनी त्याच्यासाठी पुरणपोळी केली. वाढता वाढता त्यांनी त्याला विचारलं, "बापू, माझ्या डोक्सातून निघालं ते गेलं कुठी?"

"लघवीवाटे गेलं, मावशी," अश्वजित म्हणाला. सगळे हसले. बाईही हसल्या.

आता चैत्र चालू आहे. मनकर्णाबाई पहाटे उठतात आणि खाटेवर बसल्या बसल्या दोन्ही कानशिलं अंगठ्याने दाबून बघतात. काही नसतं. जरा जोराने दाबतात. तरी नसतं. मग त्या उठतात, आतल्या खोलीत जातात आणि पाळण्यात वाकून नातीच्या कपाळावर तळहात ठेवतात. कपाळ थंड असतं. पोर झोपेत ओठ हलवते. त्यांचा हात तिथून लवकर निघत नाही.

परवा पुष्पांजलीला जाग आली. तिने अंधारात सासूला ओळखलं आणि विचारलं, "आई, रोज काय पाहता हो? डोकं पुन्हा दुखून राह्यलं काय?"

"नाही वं पोरी," मनकर्णाबाई म्हणाल्या. "दुखत होतं तं बरं होतं. माझ्या डोक्सात होतं तोवर मले माहीत तरी होतं, ते कुठी आहे."